फाल्गुनातील वनभोजन

वाचकहो, वनभोजन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कार्तिकातील आवळीखालची पंगत उभी राहते. रीतीप्रमाणे ते बरोबरच आहे. परंतु आमच्या तामसीकडील कुटुंबांना कार्तिकात उसंत कोठली असावयाची? त्या दिवसांत कापूस फुटलेला असतो आणि घरातील लहानसहान पोरदेखील वेचणीला गेलेले असते. पुढे तूर येते, हरभरा येतो. माघ सरता सरता खळी रिकामी होऊ लागतात. पहाटे अंगावर अद्याप घोंगडी लागते, दुपारी मात्र सावली बरी वाटते. त्यामुळे आमचे वनभोजन माघ-फाल्गुनाच्या सांध्यावर होते. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका वनभोजनाची हकिकत आज सांगावयाची आहे. तीत माझ्या हातून एक चूक घडली. ती आमच्या मंडळींना ठाऊक आहे, पण कागदावर मी ती आजवर उतरविली नव्हती.

बेत ठरला त्याच सकाळी एका आजीबाईंनी हरकत घेतली. “फादर, राखेचा बुधवार परवाच झाला. उपवासाच्या दिवसांत सहल कशी करायची?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितले, की प्रायश्चित्ताचे चाळीस दिवस मोजताना रविवार त्यांत धरीत नाहीत. बोटांवर मोजून पाहा म्हणजे हिशेब जुळेल. शिवाय या काळाला इंग्रजीत जो ‘लेंट’ शब्द आहे, तोच मुळी वसंत ऋतू या अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून आलेला आहे. दिवस लांबू लागतो तो काळ, असा त्याचा मूळ भाव. आजींनी हिशेब मान्य केला. व्युत्पत्ती मात्र ऐकून न ऐकल्यासारखी केली. “मग मटण नको,” एवढी एक अट त्यांनी घातली आणि ती सर्वांनी मान्य केली. कोणीतरी हळूच म्हणाले, “मग रोडगे!” आणि तेथेच पुढच्या साऱ्या प्रकाराचे बी पडले.

आता जावयाचे कोठे? मुलांचा आग्रह पैनगंगेचा. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी आमच्या बाजूला येते, तेव्हा दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. अलीकडे आपले तेलंगण, पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. परंतु पलीकडे नुसता यवतमाळ जिल्हा नाही. टिपेश्वरचे अभयारण्यही आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे रान १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. वाघ तेथे चांगले रुजले, वाढले, आणि वाढलेल्या वाघांना ते रान अपुरे पडू लागले. नदीचे पाणी घोट्याएवढे झाले की तिला सीमा म्हणून मानण्याचे वाघाला काही कारण राहत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात भीमपूर मंडलातील शिवारांत वाघ दिसल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा कापूस वेचावयास जाणाऱ्या बायाबापड्यांनी कसे दिवस काढले असतील, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

याच टिपेश्वरच्या एका तरुण वाघाची कथा मी मुलांना सांगितली. गळ्यात रेडिओचा पट्टा असलेला हा वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी रानाबाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले, सडका ओलांडीत पाच-सहा महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अधिकाऱ्यांनी त्याला पुढे ‘वॉकर’ म्हणजे चालणारा असेच नाव दिले. जोडीदारीण, भक्ष्य आणि आपल्या हक्काची जागा, यांच्या शोधात तो इतका चालला असे जाणकार सांगतात. मुलांनी कथा मन लावून ऐकली व शेवटी एकाने विचारले, “मग तो आपल्याला पैनगंगेवर भेटेल का?” तेव्हा मी पैनगंगेचा बेत रद्द केला.

कुंटाल्याचा धबधबा कोणीतरी सुचविला. नेरडीगोंडा मंडलात कडेम नदीची १४७ फुटांची ही उडी पाहण्यासारखी आहे खरी. पण ती पाहावी पावसाळ्याच्या अखेरीस. फाल्गुनात तेथे खडक अधिक आणि पाणी कमी. आणि आम्हांला मोटारीतून उतरून जेवावयाचे नव्हते, चालावयाचे होते. शेवटी गावाच्या शिवारापलीकडे ओढ्याच्या काठाकाठाने चढत जाणारे सरकारी जंगल ठरले. येऊनजाऊन तीन कोसांची चाल, कडेवरची मुले सोडून सर्वांना झेपणारी.

सरकारी जंगलात पाय ठेवावयाचा तर विचारून ठेवावा, म्हणून मी वनखात्याच्या कचेरीत गेलो. तेथील गृहस्थांनी परवानगी दिली आणि तीन गोष्टी बजावल्या. पायवाट सोडू नये. उन्हे कलण्याच्या आत परत फिरावे. आणि विस्तव करू नये. पहिल्या दोन अटी मी जशाच्या तशा मंडळींना सांगितल्या. तिसऱ्या अटीपाशी माझी बुद्धी अडखळली, कारण रोडग्यांचा बेत तोवर पक्का झाला होता.

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत अशा दूरच्या वाचकांसाठी दोन शब्द. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, आत तेलाचा हात देऊन पदर पाडलेले हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावयाचे असतात. वरून करपल्यासारखे दिसतात, राख झटकून फोडले की आत पांढरेशुभ्र निघतात. त्यावर तुपाची धार आणि शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. घरच्या चुलीवर हे होत नाही असे नाही. पण वऱ्हाडापासून आमच्यापर्यंत सर्वांची अशी ठाम समजूत आहे, की रोडगा उघड्यावर भाजला तरच तो रोडगा.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला सूक्ष्म भेद करावयास शिकवीत. ती विद्या इतक्या वर्षांनी अशी कामी आली: ‘विस्तव करू नये’ याचा अर्थ ‘जंगलात विस्तव करू नये’ असा होतो, ओढ्याचे पात्र कोरडे पडलेले आहे व तेथे केवळ वाळू आहे, वाळू म्हणजे जंगल नव्हे, सबब वाळूत गोवऱ्या पेटविण्यास हरकत नसावी. या युक्तिवादातील वैगुण्य मला त्या वेळीही दिसत होते. परंतु वैगुण्य दिसणे निराळे आणि तुपाची बरणी परत पाठविणे निराळे.

रविवारी पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही निघालो. सारी मिळून साठ-पासष्ट माणसे, पुढे मुले, मागे बायका आणि सर्वांत मागे डोक्यावर गोवऱ्यांचे पोते घेतलेले दोन गडी. शिवार संपून साग लागले, आणि प्रथम बदलला तो पावलांचा आवाज. माघाच्या अखेरीस साग आपली पाने टाकतो. सागाचे पान म्हणजे काही चिंचेचा पाला नव्हे. सुपाएवढे ते पान वाळून कडक झाले की त्यावर पाऊल पडताच पापड मोडावा तसा आवाज होतो. साठ माणसांच्या पावलांखाली साऱ्या रानाचा कुरकुराट चालला होता. मुलांना त्याची मोठी मौज वाटली. तो आवाज कशाचा इशारा आहे, हे त्या सकाळी माझ्याही ध्यानी आले नाही.

थंड मुलुखांतील पुस्तके वाचून वसंत म्हणजे हिरवळ अशी आपली कल्पना होऊन बसते. आपल्याकडील रानात वसंताची सुरुवात होते ती नागव्या फांद्यांनी. साग उघडा, सालई उघडी, टेंभुर्णी अर्धी उघडी. कांडोळाचे झाड तर पान गेले की असे पांढरेफटक दिसते, की संध्याकाळी एकट्याने पाहू नये. पण नेमक्या याच उघड्या रानात फुले येतात. पळस आधी पाने टाकतो आणि मग पेटतो. काळसर मखमली देठांतून निघालेली ती केशरी फुले पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असतात. म्हणूनच तर संस्कृतात त्याला किंशुक, ‘हा पोपट की काय,’ असे नाव पडले. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण आपण उठल्यासुटल्या वापरतो, पण त्या दिवशी एका मुलीने विचारले, “फादर, याला तर एकही नाही!” तिला मी चैत्रात पुन्हा येऊन मोजावयास सांगितले.

काटेसावरीवर लाल फुलांचे पेले उघडले होते आणि त्यांतील मध प्यावयास साळुंक्या, बुलबुल व भोरड्या यांची झिम्मड उडाली होती. सावरीचे मांसल फूल खाली पडले की हरणे ते खातात. झाडाखाली लेंड्या दिसल्या त्या त्यामुळेच. गणेरीची पिवळीधमक फुले एकाही पानाच्या आधाराविना फांदीच्या टोकाशी बसलेली. कुसुंबाला मात्र नवी पालवी फुटत होती, आणि ती हिरवी नव्हे, तांबडी. कोठेतरी तांबट पक्षी तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसा एकसुरी टुकटुक करीत होता. आमच्यातील एक आजोबा धावड्याच्या सालीवर आलेला डिंक दाखवीत होते आणि बायकांची चर्चा त्याबरोबर बाळंतिणीच्या लाडवांवर गेली. मोहाची झाडे अद्याप कळ्यांवर होती. तीन-चार आठवड्यांनी फुले गळू लागतील, तेव्हा पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन माणसे येथे येतील.

हे रान कोणाचे, असा प्रश्न वाटेत एका तरुणाने केला. कागदोपत्री सरकारचे. पण या जिल्ह्यात गोंड, कोलाम, नायकपोड, थोटी ही मंडळी सरकारी कागद जन्मण्यापूर्वीपासून राहत आली आहेत. निजामाच्या राज्यात राने आरक्षित झाली, तेव्हा पुष्कळांची शेते व पाडे सीमेच्या आत सापडले आणि त्यांस उठावे लागले. जोडेघाटच्या कोमरम भीमाने १९४० मध्ये प्राण दिले ते याच दुःखापायी. पुढे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियाचा मानववंशशास्त्रज्ञ त्याच दशकात या लोकांत येऊन राहिला व त्यांची बाजू त्याने निजाम सरकारपुढे मांडली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदूपाने, डिंक अशा गौण वनोपजावर या लोकांचा हक्क मान्य केला. म्हणजे आपण वनभोजनास जातो ते कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसतो, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. मी हे सारे त्या तरुणाला मोठ्या तळमळीने सांगितले. आणि त्यानंतर अर्ध्या तासाने त्याच ओसरीवर मी गोवऱ्या पेटविण्यास परवानगी दिली.

ओढ्याचे पात्र खरोखर कोरडे होते. एका डोहात मात्र गुडघाभर पाणी होते आणि काठाने जांभळाची हिरवीगार झाडे होती. वाळूत खळगा करून गोवऱ्या रचल्या. त्या चांगल्या फुलल्या, रोडगे भाजले गेले, पळसाच्या पत्रावळींवर पंगत बसली. प्रार्थना म्हटली. रोडगे कसे झाले होते, हे मी येथे लिहीत नाही; लिहिले तर माझ्या पश्चात्तापाविषयी वाचकांस शंका येईल.

जेवणे झाल्यावर निखाऱ्यांवर दोन घागरी पाणी ओतले, वाफ निघाली, राख काळी पडली. सर्वांना वाटले, विझले. खेड्यातल्या माणसाला हे मी सांगावे असे नाही, पण आम्ही सारे ते विसरलो होतो: गोवरी वरून राखाडी होते आणि पोटात विस्तव धरून बसते. पूर्वी शेजारणीकडून विस्तव आणावयाचा तो गोवरीच्या तुकड्यावरच आणीत असत. दुपारचे दोन वाजले असतील. वारा सकाळी नव्हता, तो आता उठला होता. वाळूवरून एक वावटळ गिरक्या घेत आली, तिने राख उडविली, आणि तीबरोबर कडेला पडलेल्या कोरड्या गोवरीचे दोन तुकडे काठावरच्या पानांत जाऊन पडले.

प्रथम धूर दिसला, तोही पांढरा, विडीच्या धुराएवढा. “फादर, तिकडे बघा,” असे कोणी म्हणेपर्यंत हातभर जाळ झाला आणि आम्ही काठ चढेपर्यंत खाटेएवढी जागा पेटली. सागाच्या वाळल्या पानांची आग उंच नसते, गुडघ्याएवढीच असते. पण ती पळते. वाऱ्याच्या दिशेने, आणि त्याहूनही चढाच्या दिशेने. कारण खालचा जाळ वरच्या पानांना आधीच तापवून ठेवतो. आमचे गडी घागरी घेऊन डोहाकडे धावले. मुले रडू लागली. मी काय केले म्हणाल, तर जागच्या जागी उभा राहिलो. तेवढ्यात वरच्या बाजूने एक म्हातारा कोलाम धावत आला. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही.

“पानी नका हुडकू! डहाळ्या तोडा, हिरव्या!” एवढेच तो ओरडला. जांभळाच्या डहाळ्या तोडून आमचे आठ-दहा तरुण त्याच्यामागे गेले. आगीच्या तोंडासमोर न जाता त्याने त्यांना जळून गेलेल्या बाजूने नेले, आणि दोन्ही कडांनी आग झोडपीत, तिला चिमटीत धरल्यासारखी अरुंद करीत ते पुढे सरकले. डहाळी उंच उगारू नये, ठिणग्या उडतात; खाली दाबून धरावी, असे तो हाताने दाखवी. दुसरीकडे त्याने बायकांना पायांनी पाने बाजूस सारून चार हात रुंदीची उघड्या मातीची पट्टी करावयास लावले. तेथे येऊन आग मेली. पाऊण तास गेला असेल. चार-पाच गुंठे रान काळे झाले होते.

मग तो म्हातारा बसला, पाणी प्याला आणि प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाला, “ते चार बुडखे दिसतात का? चारोळीची पोरं होती. चार पावसाची.” चारोळीची ती रोपे गेली चार वर्षे आगीतून कशीबशी वाचली होती. एवढे बोलून तो उठला आणि काळ्या जागेच्या कडेकडेने फिरून, धुमसणारा एकेक ओंडका पालथा करून, त्यावर माती लोटू लागला. अंधार पडेपर्यंत तो तेथे थांबणार होता. आमचे चार तरुण त्याच्याबरोबर राहिले. बाकीची मंडळी न बोलता घरी आली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन घडले ते सांगितले. मला वाटले होते, गृहस्थ रागावतील. त्यांनी शांतपणे एक नोंद केली, मला सही करावयास लावली, आणि विचारले, “वाळूत पेटविले होते, असेच ना? सगळे वाळूतच पेटवितात.” माझा सूक्ष्म भेद इतका सर्रास होता, हे ऐकून मला अधिकच शरम वाटली. महाराष्ट्रात भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि आमच्याकडे १९६७ चा वन कायदा, दोन्हींच्या मते आरक्षित वनात आग लावणे हा गुन्हा आहे. वाळूचा अपवाद त्यांत नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. महाराष्ट्राचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. आमच्या बाजूलाही काळ जवळजवळ तोच. म्हणजे पळस फुलण्याचा, चालावयास सर्वांत सुखद असा जो काळ, तोच रान सर्वांत लवकर पेटण्याचा काळ. पाने गळून पडलेली, दंव लवकर सुकणारे, दुपारी हवेत ओल नाही आणि वारा उठलेला. या हंगामापूर्वीच खात्याचे लोक जाळरेषा काढतात. म्हणजे रानातून मातीचे उघडे पट्टे साफ करून ठेवतात, की आग आली तर तेथे अडावी. आमच्या बायकांनी पायांनी केली ती चार हातांची जाळरेषाच होती. हल्ली पाने उडविणारी ब्लोअर नावाची यंत्रेही वापरतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणवे टिपून राज्यांना कळविते. पण उपग्रह ठराविक वेळांनाच वरून जातो. तो येईतो आमचे चार-पाच गुंठे जळून विझूनही गेले होते.

आपल्या रानातील बहुतेक आगी माणसाच्याच हातच्या असतात, आणि त्या सर्व काही सहलकऱ्यांच्या नसतात. मोहाचे फूल पाचोळ्यात दिसत नाही म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून झुडपे पेटवितात. गुरांना नवे गवत मिळावे म्हणूनही काडी लावतात. पोटासाठी करणाऱ्याला दोष देणे मला जड जाते, विशेषतः रोडग्यांसाठी केल्यानंतर. मोहाखाली पाला जाळण्याऐवजी झाडून काढला, किंवा जुनी साडी वा जाळी पसरली, तर फूल स्वच्छ मिळते व त्यास भावही बरा येतो. कित्येक ठिकाणी लोक आता तसे करू लागले आहेत. दरवर्षी जळणाऱ्या रानात मोठा साग वाचतो, त्याची साल जाड असते. मरतात ती रोपे, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या तित्तिरांची व रानकोंबड्यांची अंडी. म्हणून दुरून पाहणाऱ्याला रान जसेच्या तसे दिसते. त्यात मुले नाहीत, हे लक्षात येत नाही.

आणि कधी माणसेही मरतात. ११ मार्च २०१८ रोजी, तोही रविवारच होता, तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर चेन्नई आणि इरोडकडील तरुण-तरुणींच्या पायी सहली उतरत असताना वाळल्या गवताचा वणवा त्यांच्यावर आला. वीसहून अधिक जण गेले. ८ एप्रिल २०२१ रोजी भंडारा-गोंदियाकडील नागझिऱ्याच्या रानात वणवा विझविताना वनखात्याचे तीन मजूर भाजून मरण पावले. ही बातमी वाचली तेव्हा मला तो म्हातारा कोलाम आठवला. त्या मजुरांच्या हाती बहुधा ब्लोअर तरी असेल. त्याच्या हाती जांभळाची डहाळी होती, आणि तीही आम्ही लावलेली आग विझविण्यासाठी.

पुढच्या वर्षी माघ सरू लागला तसे मुलांनी वनभोजनाचे विचारले. मोठी माणसे गप्प राहिली. जावयाचेच नाही, असे दोघा-तिघांचे मत पडले. मला ते पटले नाही. ज्या मुलांनी पळसाची तीन पाने कधी मोजली नाहीत, ती मोठी होऊन रानासाठी डहाळी कशाला उचलतील? आम्ही गेलो. कचेरीत त्याच तीन अटी पुन्हा ऐकल्या, आणि या वेळी तिसरी अट मी मिस्सेनंतर सर्वांसमोर वाचून दाखविली. विडी ओढणाऱ्यांच्या काडेपेट्या निघण्यापूर्वी एका टोपलीत जमा केल्या. तो प्रकार काहींना मुळीच आवडला नाही. रोडगे आदल्या रात्रीच गावात, अंगणातील उघड्या जागेवर भाजून फडक्यात गुंडाळून घेतले होते. वांग्याची भाजी गार खाण्यात अर्थ नाही म्हणून तिच्या जागी ठेचा आणि दही. निघालोही लवकर, म्हणजे वारा उठण्याच्या आत परत फिरता यावे.

काळी पडलेली ती जागा आम्ही ओळखू शकलो नाही. पावसाने राख धुऊन नेली होती आणि नवी पाने पडून सारे सारखे झाले होते. चारोळीच्या बुडख्यांपाशी मात्र कोणीतरी दगडांचे लहानसे आळे केले होते, आतला पाला काढून टाकला होता, आणि चारांपैकी दोन बुडख्यांना मुळापासून बोटभर नवे कोंब आलेले होते. मुलांनी भोवतालचा पाला आणखी हातभर दूर सारला.

म्हातारबाबांना आम्ही आधीच निरोप धाडला होता. ते आले, राम राम करून पंगतीत बसले. पत्रावळीवरचा रोडगा त्यांनी उचलून अंगठ्याने दाबून पाहिला. तो रात्रीचा असल्यामुळे बराच कडक झाला होता.

“तूप आहे का?” त्यांनी विचारले.

तूप होते.

“मग चालंल,” ते म्हणाले.